पाठ ९ वा : सातबाऱ्यावर आक्काचे नाव



मागच्या पाठात आपण सातबाराचा उतारा वाचायला शिकलो. गट नंबर कुठे असतो, क्षेत्र कसे लिहितात, आकार म्हणजे काय, हे आता तुम्हांला कळते. आज त्याच उताऱ्यावरचा एक शब्द पुन्हा वाचू. तो शब्द आहे 'भोगवटादार'. म्हणजे जमीन ज्याच्या नावावर आहे तो. घरचा उतारा जवळ असेल तर काढा. त्यावर किती नावे आहेत ती मोजा. त्यांत बायकांची नावे किती, तेही मोजा.

आता डोळ्यांपुढे आपले रान आणा. आपला माण तालुका दुष्काळी. पाऊस थोडा, जमीन माळाची. ज्वारी-बाजरीची पेरणी असो, खुरपणी असो, काढणी असो, रानात जास्त माणसे कोण दिसतात? बायकाच. कर्ती माणसे मुंबईला, नाहीतर मेंढरे घेऊन रानोमाळ. काही जोडपी ऊसतोडीला. मागे म्हातारी आणि सुना शेत सांभाळतात. काम त्यांचे, पण उताऱ्यावर नाव नाही.

ही गोष्ट एकट्या म्हसवडची नाही. सरकार दर पाच वर्षांनी शेतीची खानेसुमारी करते. २०१५-१६ सालच्या मोजणीत भारतात शेती करणाऱ्या दर १०० खातेदारांत बायका सुमारे १४ निघाल्या.

नाव नसल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. पुष्कळ बिघडते. विकास सोसायटीचे पीककर्ज खातेदाराला मिळते. पीकविमा आणि दुष्काळाची नुकसानभरपाई नावावरच्या जमिनीच्या हिशोबाने येते. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६००० रुपये देते. त्यालाही उतारा लागतो. जिचे नाव नाही ती जन्मभर शेतात राबली तरी कागदावर शेतकरी ठरत नाही.

आमच्या घरची गोष्ट

आता आम्ही एक गोष्ट सांगतो. ती दुसऱ्या कुणाची असती तर सांगायला सोपे गेले असते. पण ती आमचीच आहे.

आमची आई लवकर वारली. १९८५ साली वडीलही गेले. मागे आम्ही आणि आमची थोरली बहीण, आक्का. वडिलोपार्जित जमीन ८ एकर. आम्ही तेव्हा नुकतेच मास्तर झालो होतो. आक्का लग्न होऊन आटपाडीच्या बाजूला नांदत होती. भावकीतले वडीलधारे म्हणाले, "पोरीचं नाव लागलं तर उद्या जावई दारात उभा राहील. आत्ताच हक्कसोड करून घे."

तो कागद आम्हीच लिहून काढला. आमचे अक्षर चांगले होते. "मी माझ्या राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, माझा हक्क सोडीत आहे," असे त्यात लिहिले. आक्काला वाचता येत नव्हते. आम्ही तिला वाचून दाखवले, पण भराभर वाचले. ती म्हणाली, "मला काय करायचीय जमीन? माहेर राहू दे म्हंजे झालं." तिने अंगठा उठवला. कचेरीत कागद नोंदला गेला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला आम्ही तिला साडी घेतली. आम्हांला वाटले, हिशोब पुरा झाला.

आक्काचे यजमान मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली. ते गावी आले आणि १९९१ साली वारले. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती. दिरांनी दोन वेळचे जेवण देऊ म्हटले आणि तेही पुढे बंद झाले. नवऱ्याच्या मागे आपलाही त्या जमिनीत हिस्सा आहे, हे तिला कोणी सांगितले नाही. दोन मुली घेऊन ती माहेरी आली.

आम्ही तिला ठेवून घेतले. गोठ्याशेजारची खोली दिली. ती रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. आमच्या रानातही राबायची. पण काय पेरायचे ते आम्ही ठरवायचे. धान्य विकले की पैसे आमच्या हातात यायचे. मुलीच्या पुस्तकांना पैसे हवे असले की ती उंबऱ्यापाशी येऊन उभी राहायची. काही बोलायची नाही. ज्या घरात ती जन्मली त्या घरात ती पाहुणी झाली होती. शाळेत आम्ही मुलांना सांगत होतो, "खाऊ सारखा वाटून घ्यावा." घरी काय केले होते ते आमच्या ध्यानात येत नव्हते.

२०१८ साली आम्ही निवृत्त झालो. वाडीत साक्षरतेचा वर्ग सुरू केला. आक्का पहिल्या रांगेत येऊन बसली. तेव्हा तिचे वय ६३. आठ महिन्यांत ती वाचायला लागली. एक दिवस वर्गात आम्ही सातबारा शिकवीत होतो. नमुन्यासाठी आमचाच उतारा फळ्यावर उतरून काढला होता. आक्काने बोट ठेवून एक एक ओळ वाचली. वरून खालपर्यंत वाचली. मग तिने विचारले, "मास्तर, वडलांचं रान हाय न्हवं हे? मग ह्यात माझं नाव कुठं हाय?"

भावाला ती 'बाबा' म्हणते. त्या दिवशी 'मास्तर' म्हणाली. वर्गातल्या बाकीच्या बाया आमच्याकडे बघत राहिल्या. आम्हांला उत्तर देता आले नाही. वर्ग तसाच सोडला.

हा पाठ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिला आहे.

कायदा काय म्हणतो

पूर्वी हिंदूंच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलग्यांचा जन्माने हक्क असे. मुलीचा नसे. विधवेला १९३७ च्या कायद्याने हिस्सा मिळाला. पण तो तिच्या हयातीपुरता. विकायचा किंवा कुणाला द्यायचा पूर्ण अधिकार तिला नव्हता.

स्वराज्य आल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंत्री होते. मुलीला वारसा मिळावा म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल मांडले. त्याला फार विरोध झाला. बिल रखडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्या बिलाचे भाग करून निरनिराळे कायदे झाले. त्यांतला एक 'हिंदू वारसा कायदा'. तो १७ जून १९५६ पासून लागू झाला. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. आदिवासी जमातींना मात्र तो आपोआप लागू होत नाही. मुसलमानांचा वारसा त्यांच्या स्वतःच्या कायद्याने चालतो. त्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा असतो.

१९५६ च्या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी झाल्या. एक, बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या हिश्श्यात मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा वाटा मिळू लागला. दोन, बाईला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. विधवेने पुन्हा लग्न केले तरी तिला मिळालेला वाटा परत जात नाही.

पण एक उणीव राहिली. वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क मुलालाच राहिला. ती उणीव महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून थोडी भरून काढली. त्या तारखेपूर्वी जिचे लग्न झाले नव्हते त्या मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला. मग सबंध देशासाठी कायदा सुधारला. ती तारीख ९ सप्टेंबर २००५. या तारखेपासून मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे. तिचे लग्न झालेले असो वा नसो.

तरी एक भांडण कोर्टात चालूच होते. २००५ च्या आधी बाप वारला असेल तर मुलीला हक्क आहे की नाही? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मिटवले. हक्क जन्माने आहे, म्हणून २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, असा निकाल दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल, जमीन विकली असेल, तर ते व्यवहार मोडत नाहीत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. त्यांनी तसे केले तर मुलीला त्या जमिनीवर हक्क सांगता येत नाही, आणि मुलालाही नाही.

हिशोब करून पाहू

पाटी-पेन्सिल घ्या. वडिलोपार्जित जमीन ८ एकर. घरात बाप, एक मुलगा, एक मुलगी. आई आधीच वारली आहे. मृत्युपत्र नाही. बाप वारला.

जुना हिशोब, म्हणजे १९५६ चा :
आधी बाप आणि मुलगा यांची वाटणी झाली असे धरायचे. बापाला ४ एकर, मुलाला ४ एकर. मग बापाचे ४ एकर मुलगा आणि मुलगी यांत वाटायचे. प्रत्येकी २ एकर. म्हणजे मुलाला एकूण ६ एकर, मुलीला २ एकर.

नवा हिशोब, म्हणजे २००५ नंतरचा :
बाप, मुलगा, मुलगी यांचे तीन सारखे भाग. मग बापाचा भाग मुलगा आणि मुलगी यांत निम्मा निम्मा. म्हणजे मुलाला ४ एकर, मुलीला ४ एकर.

तुम्ही ओळखले असेल. हा हिशोब आमच्याच घरचा आहे. जुन्या हिशोबानेही आक्काचे २ एकर होत होते. ते २ एकर आम्ही एका साडीवर घेतले.

भावांच्या शंका

आता बंधूंशी थोडे बोलू. या शंका आमच्याही मनात होत्या.

"बहिणीच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा." लग्नाचा खर्च भावाच्या लग्नातही होतो. तो त्याच्या वाट्यातून कोणी कापत नाही. हुंडा देणे-घेणे तर १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याचा पैसा वाटा म्हणून कसा मोजणार?

"जमिनीचे तुकडे होतील." उताऱ्यावर नाव लागले म्हणजे लगेच बांध पडतो असे नाही. नाव सामाईक राहू शकते. पिकाचा वाटा घेता-देता येतो. शिवाय चार भाऊ वाटणी मागतात तेव्हा तुकडे होतातच. तेव्हा ही शंका कुणी काढत नाही.

"जमीन परक्याच्या घरात जाईल." वारसाने मिळालेला आपला वाटा एखाद्या वारसाने विकायचा म्हटले तर बरोबरच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. हे वारसा कायद्याच्या २२ व्या कलमात आहे. बहीण विकू लागली तर योग्य किंमत देऊन भावाला घेता येते.

"माहेर तुटेल." ही शंका बहिणींच्या मनात जास्त असते. खरे सांगायचे तर काही घरी अबोला धरतात. ते कायद्याने थांबत नाही. पण आक्काने अंगठा देऊन माहेर राखले, आणि त्या माहेरात तिला काय मिळाले ते तुम्ही वाचले. ज्या बहिणीच्या पायाखाली स्वतःची जमीन असते ती भावाकडे मागायला येत नाही, भेटायला येते.

आणि बहिणींनो, तुम्हीही ध्यानात घ्या. हक्काबरोबर जबाबदारी येते. सारा, जमिनीवरचे कर्ज, विहिरीची दुरुस्ती, यांतही वाटा उचलावा लागतो. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणे हेही दोघांचे काम आहे.

नाव कसे लावावे

खातेदार वारला म्हणजे काय करायचे ते क्रमाने पाहा.

पहिली गोष्ट. मृत्यूचा दाखला काढा.

दुसरी गोष्ट. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्या. तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणतात. हा अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतो. अर्जात सर्व वारसांची नावे लिहा. विधवा, आई, मुलगे, मुली, सगळ्यांची. लग्न झालेल्या मुलीचे नाव गाळू नका. गाळागाळी इथेच होते. भाऊ प्रतिज्ञालेखात फक्त आपली नावे लिहितात आणि बहिणीला पत्ताच नसतो.

तिसरी गोष्ट. फेरफाराची नोंद धरली की नोटीस निघते. चावडीवर लागते आणि हितसंबंधी माणसांना जाते. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. बहिणीचे नाव नसेल तर या १५ दिवसांत लेखी हरकत द्या. पोच घ्या. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची सही-शिक्क्याची प्रत. ती जपून ठेवा.

चौथी गोष्ट. मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. मग सातबाऱ्यावर नाव चढते. नोंद चुकीची मंजूर झाली असे वाटले तर प्रांताकडे अपील करता येते. त्याला ६० दिवसांची मुदत आहे.

पाचवी गोष्ट. नवा उतारा काढून स्वतः वाचा. नाव 'भोगवटादार' या रकान्यात आहे की 'इतर हक्क' या रकान्यात, ते पाहा. जुन्या काळी मुलींची आणि विधवेची नावे 'इतर हक्क' यात टाकून देत. काही उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिलेले असते. म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. तो एकटा मालक आहे असा त्याचा अर्थ नाही. त्याच्यामागे दुसरे वारस आहेत, असा आहे.

बऱ्याच घरांत आजा-पणज्याच्या नावाचा उतारा तसाच चालू असतो. अशा नोंदी दुरुस्त करण्यासाठी सरकारने एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' ही मोहीम घेतली. तुमच्या घरचे काम राहिले असेल तर आजही अर्ज करता येतो.

नाव लागल्यावर वाटणी करायची असेल आणि सर्वांची संमती असेल, तर तहसीलदार वाटप करून देतात. आपली तहसील कचेरी दहिवडीला आहे. एकमत नसेल तर दिवाणी कोर्टात दावा करावा लागतो. बायकांना त्यासाठी फुकट वकील मिळतो. मग तिचे उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात 'विधी सेवा समिती' असते, तिथे अर्ज करावा. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते.

आता हक्कसोडीविषयी. बहिणींनो, कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नका, अंगठा देऊ नका. "नुसती वारसाची सही आहे," असे म्हणून कागद पुढे करतात. कागद घरी आणा. दोनदा वाचा. कळला नाही तर जाणत्याला किंवा वकिलाला दाखवा. नोंदणी केलेले हक्कसोडपत्र सहजासहजी फिरत नाही. पण नोंदणी न केलेल्या साध्या कागदाने जमिनीचा हक्क जात नाही. तेव्हा तसा कागद झाला असेल तर घाबरू नका, सल्ला घ्या.

नवऱ्याच्या जमिनीत

नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीत बायकोचे नाव आपोआप लागत नाही. पण नवऱ्याने मनावर घेतले तर लागते. याची एक मोठी हकिकत आहे.

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवड येथे शेतकरी महिलांचे फार मोठे अधिवेशन झाले. शेतकरी संघटनेने ते भरवले होते. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी पुढे शेतकऱ्यांना सांगितले, घरच्या लक्ष्मीचे देणे द्या. आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करा. याला 'लक्ष्मी मुक्ती' असे नाव पडले. ज्या गावात शंभर नवरे असे करतील ते 'लक्ष्मी मुक्ती गाव'. जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे त्यांतले आरंभीचे गाव. पुढे अनेक गावांनी तसे केले. १५ सप्टेंबर १९९२ रोजी महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढले. नवऱ्याने अर्ज दिला तर त्याच्या हयातीतच बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. घराच्या बाबतीतही २००३ मध्ये सरकारने ठरवले की, ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत नवरा-बायको दोघांची नावे असावीत.

या सवलती पुष्कळांना माहीत नाहीत. तुमच्या घरी कोण अर्ज करील, ते आज रात्री जेवताना बोला.

आपल्या गावचे आणि बाहेरचे

बायकांच्या हाती मालकी आली तर त्यांना व्यवहार जमेल का, असे काही जण म्हणतात. त्यांनी आपल्या म्हसवडकडे पाहावे. १९९७ साली इथे माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनी त्यासाठी खटपट केली. पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग त्या बायका रात्रीच्या वर्गाला बसल्या. पुन्हा गेल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशोब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. बँकेला परवाना मिळाला. ही बँक आजही चालू आहे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्यात बायकांना व्यवहार जमणार नाही, असे म्हणणे शोभत नाही.

जगातही ही हवा फिरते आहे. आफ्रिकेत रवांडा नावाचा छोटा देश आहे. तिथे १९९९ साली मुलींना मुलांइतका वारसा देणारा कायदा झाला. इथियोपियात जमिनीच्या दाखल्यावर नवरा आणि बायको दोघांची नावे घालतात. काही भागांत दोघांचे फोटोही लावतात. शेजारच्या नेपाळात बाईच्या नावावर जमीन नोंदली तर नोंदणीच्या खर्चात सूट मिळते.

आपल्या केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात अभ्यासकांनी एक पाहणी केली. ज्या बायकांकडे ना जमीन होती ना घर, त्यांतल्या १०० पैकी ४९ जणींना नवऱ्याची मारहाण सोसावी लागली होती. ज्यांच्याकडे जमीन आणि घर दोन्ही होते, त्यांत असा त्रास १०० पैकी ७ जणींना होता. बाईला जायला स्वतःची जागा आहे हे ठाऊक असले की हात उगारणारा विचार करतो.

आक्काचे उत्तर

आता आमची राहिलेली गोष्ट पुरी करू.

२०२० चा निकाल आम्ही वर्तमानपत्रात वाचला. आमचा जुना कागद नोंदलेला होता. कायद्याने आमच्यावर सक्ती नव्हती. पण फळ्यापुढचा तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आम्ही घरात विषय काढला. मुले नाराज झाली. थोरला म्हणाला, "इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढता?" आठ दिवस घरात नीट बोलणे नव्हते. शेवटी आमच्या घरच्या म्हणाल्या, "आपल्याला नात झालीय. उद्या तिच्याकडून कोण अंगठा घेईल, त्याचा विचार करा." मग मुलेही मानली.

२०२१ साली आम्ही आक्काच्या नावे ४ एकराचा निम्मा हिस्सा बक्षीसपत्राने नोंदवून दिला. मुद्रांकाचा खर्च पडला. तो आम्हीच भरला. हा कागदही आमच्याच अक्षरात लिहिला होता. या वेळी आक्काने तो स्वतः वाचला. सावकाश, बोट ठेवून वाचला. अर्धा तास लागला. तिने सही केली. अंगठा दिला नाही.

फेरफार मंजूर झाला. नवा उतारा घेऊन ती सिद्धनाथाच्या देवळात गेली. तिथून घरी आली आणि आम्हांला म्हणाली, "बाबा, यंदा खालच्या तुकड्यात मी मटकी टाकणार. तुझं म्हणणं काय?"

तिने विचारले, ते परवानगीसाठी विचारले नाही. एका खातेदाराने दुसऱ्या खातेदाराला विचारावे तसे विचारले. आम्ही म्हणालो, "टाक. बियाणं कुठलं आणतेस?"

त्या वर्षी मटकी बरी झाली. पण मधली छत्तीस वर्षे आम्ही तिला परत देऊ शकलो नाही. तुमच्या घरी इतका उशीर होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

लक्षात ठेवा

१. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्माने हक्क आहे. लग्नाने तो जात नाही.
२. वारसाच्या अर्जात सर्व मुलींची नावे लिहावीत.
३. नोटिशीपासून १५ दिवसांत हरकत घेता येते. पोच जपून ठेवावी.
४. न वाचता सही करू नये, अंगठा देऊ नये.
५. नवरा आपल्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावू शकतो.
६. बायकांना कोर्टाच्या कामी फुकट वकील मिळतो.

शब्दांचे अर्थ

वारस – मेलेल्या माणसाच्या मागे ज्याला मिळकत मिळते तो किंवा ती.
फेरफार – जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद.
हक्कसोडपत्र – आपला हक्क सोडल्याचा कागद.
बक्षीसपत्र – मोबदला न घेता मिळकत दिल्याचा कागद.
सहहिस्सेदार – जमिनीत बरोबरीने नाव असलेला.
सामाईक – वाटणी न झालेले, सर्वांचे मिळून.

प्रश्न

१. आक्काने १९८५ साली अंगठा का दिला? तिला त्या वेळी काय माहीत नव्हते?
२. वडिलोपार्जित जमीन १२ एकर आहे. आई वारली आहे. बाप मृत्युपत्र न करता आता वारला. मागे एक मुलगा व दोन मुली आहेत. प्रत्येकाला किती एकर मिळेल? करून पाहा.
३. आपल्या घरच्या सातबाऱ्यावरची सर्व नावे वहीत उतरून काढा. कोणाचे नाव असायला हवे आणि नाही, तेही लिहा. पुढच्या वर्गाला वही घेऊन या.